बॅटरी चार्जर घेण्याआधी : थोडा इतिहास, थोडा हिशोब



मागच्या हंगामात कांदा घोडेगावला न्यायचा होता. रात्रीच गोण्या पिकअपमध्ये भरून ठेवल्या. पहाटे साडेचारला किल्ली फिरवली तर नुसतं टक्-टक्. गाडी तीन आठवडे जागेवर उभी होती, बॅटरी पार उतरलेली. भरलेल्या गाडीला धक्का मारून उपयोग नव्हता. शेवटी शेजाऱ्याला उठवलं, त्याच्या ट्रॅक्टरवरनं जंपर लावला आणि गाडी निघाली. लिलावाला पोचलो, पण उशिरानं.

तेव्हाच ठरवलं की घरी एक चार्जर पाहिजे. बाजारच्या दिवशी एका दुकानातून सगळ्यात स्वस्त मिळाला तो आणला. दुसऱ्या महिन्यात त्याच चार्जरनं दीड वर्षाची चांगली बॅटरी एका रात्रीत घालवली. तीनशे-चारशे रुपये वाचवायला गेलो आणि नवी बॅटरी घ्यावी लागली.

ही गोष्ट पेजवर टाकली होती तेव्हा बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. स्वस्तातला आणि टिकाऊ चार्जर कसा ओळखायचा? मी काही इलेक्ट्रिकलचा माणूस नाही, दहावी शिकलेला शेतकरी आहे. पण पैसे गेल्यावर माणूस खोलात जातो. थोडं वाचलं, थोडं जुन्या माणसांना विचारलं. त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. बॅटरी भरणं कधीच अवघड नव्हतं. अवघड होतं ते वेळेवर थांबणं. चार्जरचा सगळा इतिहास हा थांबायला शिकण्याचा इतिहास आहे, आणि तो कळला की दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळतं.

पहिला चार्जर म्हणजे दुसरी बॅटरी

आपल्या ट्रॅक्टरमध्ये जी शिशाची आणि ॲसिडची बॅटरी असते, ती १८५९ साली गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं शोधली. पुन्हा भरता येणारी ही पहिली बॅटरी. गंमत अशी की तेव्हा ती भरायला जनरेटर म्हणावा असा नव्हताच. मग प्लांते काय करायचा? एकदाच वापरता येणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या बॅटऱ्या जोडून ही बॅटरी भरायचा. म्हणजे जगातला पहिला बॅटरी चार्जर ही दुसरी बॅटरीच होती. १८८१ मध्ये कामील फोर नावाच्या दुसऱ्या फ्रेंच माणसानं प्लेटांवर शिशाच्या संयुगाचा लेप द्यायची पद्धत काढली. त्यानं बॅटरीत जास्त करंट साठायला लागला आणि ती बाजारात विकण्याजोगी झाली. आज आपण बॅटरी फोडली तर आत जाळीवर लेप बसवलेल्या प्लेटा दिसतात, ती पद्धत तिथून आली.

पुढं शहरात वीज आली. सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी ती डीसी होती, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. त्या विजेवर बॅटरी भरायला फार काही लागत नसे. मधे बल्ब जोडायचे, बल्ब करंट अडवून धरायचे, उरलेला बॅटरीत जायचा. जास्त बल्ब लावले की जास्त करंट. पण नंतर सगळीकडं एसी वीज आली. एसी दिशा बदलत राहते, ती बॅटरीला चालत नाही. मग एसीची डीसी करायचं काहीतरी लागलं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत टंगर नावाचा मोठा काचेचा बल्ब आला. टंगस्टनची तार आणि आरगॉन वायू, दोन्हीची नावं जोडून टंगर. तो करंट एकाच बाजूनं सोडायचा. त्यानंतर सेलेनियमच्या चकत्यांचे रेक्टिफायर आले आणि १९५० नंतर सिलिकॉनचा डायोड. आज स्वस्तातल्या चार्जरमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या पुढं जे छोटे काळे भाग असतात ते हेच डायोड.

याच काळात गाडीलाही बॅटरी आली. आधी गाड्या हँडल मारून सुरू करत. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा सेल्फ स्टार्टर बसवला आणि तिथून गाडी म्हणजे बॅटरी हे समीकरण झालं.

ह्या सगळ्या यंत्रांमध्ये एक गोष्ट नव्हती. बॅटरी भरली हे त्यांना कळत नव्हतं. ते काम माणूस करायचा.

आपल्या जिल्ह्यात बॅटरी आली ती आधी रेडिओसाठी

आता आपल्याकडं येऊ. खेड्यातल्या पुष्कळ माणसांनी बॅटरी पहिल्यांदा पाहिली ती गाडीत नाही, रेडिओजवळ.

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं तिथून शेतकऱ्यांसाठी एक प्रयोग झाला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोतृमंडळं केली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम. गावातली पंधरा-वीस माणसं रेडिओभोवती बसायची, ऐकायची आणि मग त्यावर चर्चा करायची. ऐका, चर्चा करा, करून बघा, हे त्याचं सूत्र, मूळ कॅनडातलं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्याचा अभ्यास केला आणि रेडिओ ऐकून चर्चा करणाऱ्या गावांत माहिती चांगली वाढल्याचं दिसलं. पुढं देशभर अशी मंडळं काढली गेली. म्हणजे आज आपण ह्या पेजवर जे करतो, ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसांनी ७० वर्षांपूर्वी रेडिओभोवती बसून केलंय.

पण तेव्हा बहुतेक गावांत वीज नव्हती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळच मुळात १९६० चं. आणि रेडिओ वॉल्व्हचे, म्हणजे करंट खाणारे. जिथं वीज नाही तिथं रेडिओ बॅटरीवरच चालायचा. आमचे वडील सांगायचे, बॅटरी उतरली की बैलगाडीत पेंढ्यावर उभी ठेवून तालुक्याला न्यायची, ॲसिड सांडू नये म्हणून एक माणूस तिला धरून बसायचा. तिथं ती दोन दिवस चार्जिंगला लागायची. तोवर गावचा रेडिओ मुका. पुढं ट्रान्झिस्टर आले, ते साध्या सेलवर चालायला लागले आणि रेडिओची बॅटरी गावातून गेली.

कारखाना, ट्रक आणि चार्जिंगचं दुकान

ती पुन्हा आली ती चाकांवर. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला तो कारखाना आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच्यामागं जिल्ह्यात एकेक कारखाना झाला. ऊस आधी बैलगाडीनं जायचा, मग ट्रकनं, मग ट्रॅक्टरनं. जितके ट्रक-ट्रॅक्टर वाढले तितक्या बॅटऱ्या वाढल्या.

जुन्या गाड्यांना डायनामो असायचा. इंजिन जोरात फिरलं तरच डायनामो करंट द्यायचा. शेतात हळू चालणारा ट्रॅक्टर किंवा कारखान्याच्या गेटवर रांगेत तासन् तास पुढं सरकणारा ट्रक, ह्यांची बॅटरी भरायचीच नाही. नंतर अल्टरनेटर आला, तो कमी फेऱ्यांवरही बरा करंट देतो. त्याआधी मात्र हंगामात दर थोड्या दिवसांनी बॅटरी काढून चार्जिंगला द्यावी लागायची.

म्हणून तालुक्याच्या स्टँडजवळ, पंपाजवळ, टायरवाल्याच्या शेजारी एक 'बॅटरी सर्व्हिस'चं दुकान असायचंच. माझ्या पिढीनं ती दुकानं बघितलीत. काळवंडलेली भिंत, ॲसिडनं खाल्लेली फरशी, नाकाला झोंबणारा वास आणि फळीवर ओळीनं मांडलेल्या बॅटऱ्या. एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, अशा सात-आठ बॅटऱ्या एका ओळीत जोडलेल्या. प्रत्येकीवर खडूनं गावाचं नाव किंवा गाडीचा नंबर. भिंतीवर मोठा चार्जर, त्याला काटा.

आमच्या तालुक्याला असं एक दुकान अजून आहे. माझी बॅटरी फुगल्यावर मी ती घेऊन तिथं गेलो. दुकानातले चाचा सत्तरीच्या पुढचे. त्यांनी बॅटरीकडं बघितलं, हातानं बाजू दाबून पाहिली आणि विचारलं, "पाटील, रात्रभर लावली होती ना?"

म्हणलं, "हो चाचा. पण चार्जर नवा आहे."

"चार्जर काय, भरतोच. थांबवायचं कुणी?"

मग त्यांनी त्यांची पद्धत सांगितली. बॅटरी आली की आधी बुचं काढायची आणि प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी बघायची. ग्रॅव्हिटी म्हणजे आतलं ॲसिड पाण्यापेक्षा किती जड आहे ते. हायड्रोमीटरनं ॲसिड ओढायचं, आतला तरंगणारा काटा वाचायचा. साडेबाराशेच्या आसपास म्हणजे भरलेली. अकराशेनव्वद म्हणजे निम्मी. अकराशेवीसच्या आसपास म्हणजे रिकामी. सहापैकी पाच सेल सारखे आणि एक खाली असेल तर तो सेल गेला, कितीही भरा, उपयोग नाही. मग प्लेटा बुडतील इतकं डिस्टिल्ड वॉटर टाकायचं. मग बॅटरीवर जितके अँपिअर-अवर लिहिलेत त्याच्या दहाव्या हिश्श्यानं करंट सोडायचा. ८० ची बॅटरी असेल तर ८ अँपिअर. दर तासा-दोन तासांनी हात लावून बघायचं, गरम होत असेल तर करंट कमी करायचा. सेलमधून सारखे बुडबुडे यायला लागले आणि दोन-तीन तास ग्रॅव्हिटी हलली नाही, की काढायची.

"रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडून जायचो," चाचा म्हणाले. "सकाळी परत चालू. वेळ लागू दे, पण माझ्या मागं बॅटरी उकळायला नको."

हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. जुना चार्जर चांगला होता, कारण त्याच्याजवळ माणूस बसलेला होता. ऑटो कट म्हणजे चाचाच होते.

माणूस गेला, डबा घरी आला

त्यानंतर काय झालं बघा. १९८७-८८ ला रविवारी सकाळी रामायण लागायचं. ज्या वस्तीवर लाईट नव्हती किंवा ऐन वेळी जायची, तिथं ट्रॅक्टरची बॅटरी काढून काळ्या-पांढऱ्या टीव्हीला जोडायचे. टीव्ही बघून झाला की ट्रॅक्टर सुरू होईना! मग २००५ नंतरच्या काळात लोडशेडिंग आलं, दिवसाचे कितीतरी तास लाईट नसायची. घराघरात इन्व्हर्टर आले. इन्व्हर्टरच्या पोटात चार्जर असतोच. मग फवारणीचा बॅटरी पंप आला, रानडुकरासाठी झटका मशीन आलं, सोलरचा दिवा आला. आज माझ्या साध्या घरात लहान-मोठ्या मिळून सहा बॅटऱ्या आहेत.

इकडं गाडीला अल्टरनेटर आणि पाणी न लागणारी सीलबंद बॅटरी आल्यानं चार्जिंगच्या दुकानाचं काम कमी झालं. बरीच दुकानं बंद झाली, काहींनी नुसती विक्री सुरू केली. चार्जर दुकानातून घरी आला. पण चाचा काही त्याच्याबरोबर घरी आले नाहीत. ट्रान्सफॉर्मर, डायोड, दोन क्लिपा, एवढंच आलं. ग्रॅव्हिटी बघणं, हात लावणं, मेन स्विच पाडणं, हे सगळं मागं राहिलं.

त्यात आपल्या लाईटची तऱ्हा. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी चालू असतात तेव्हा व्होल्टेज खाली. रात्री मोटारी बंद झाल्या की वर. साध्या चार्जरमध्ये आत जेवढं येतं त्या प्रमाणातच बाहेर पडतं. समजा २३० वर तो १५ व्होल्ट देतो. रात्री लाईनवर २५५ झाले तर तोच चार्जर साडेसोळाच्या पुढं जातो. आणि १२ व्होल्टच्या साध्या बॅटरीला साधारण १४.४ च्या वर फार वेळ ठेवायचंच नसतं.

त्या रात्री शेडमध्ये काय झालं

माझी बॅटरी ८० अँपिअर-अवरची होती आणि पाव भाग उतरलेली. म्हणजे २० अँपिअर-अवर कमी. तीन तासांत भरली असती. मी रात्री नऊला लावली आणि सकाळी सहाला उठून पाहिली. वरचे सहा तास, सरासरी ८ अँपिअर धरले तर ४८ अँपिअर-अवर बॅटरीत साठलेच नाहीत. ते गेले कुठं? ते पाणी फोडण्यात गेले.

भरलेल्या बॅटरीत करंट सोडला की तो पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन करतो. एका अँपिअर-अवरला एका सेलमध्ये साधारण एक तृतीयांश ग्रॅम पाणी फुटतं. सहा सेल धरले तर दोन ग्रॅम. म्हणजे ४८ ला जवळजवळ १०० मिली पाणी गेलं. बुचाच्या बॅटरीत ते परत टाकता तरी आलं असतं. माझी सीलबंद होती. प्लेटा उघड्या पडल्या, तापल्या, लेप सुटला, बाजू फुगल्या. सकाळी शेडमध्ये सडक्या अंड्यासारखा वास होता.

पाण्यापेक्षा मोठी गोष्ट त्या वायूची. तेवढ्या पाण्यातून सुमारे १२० लिटर हायड्रोजन सुटतो. हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीनं पेट घेतो. तो हलका असतो, वर जाऊन पत्र्याखाली साठतो. माझ्या शेडमध्ये त्याच कोपऱ्यात डिझेलचा ड्रम आणि वर स्विचबोर्ड होता. दार अर्धं उघडं होतं म्हणून बरं. सकाळी आत जाऊन मी आधी लाईटचं बटण दाबलं होतं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो. बॅटरीचे पैसे गेले त्याचं दुःख त्यापुढं काहीच नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर कुणी म्हणेल चार्जरच नको. बॅटरी उतरलेली ठेवणं हेही तितकंच वाईट. उतरलेल्या बॅटरीत प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर बसतो आणि दिवस जातील तसा तो कडक होतो. मग ती पूर्वीइतकी भरत नाही. आजच्या गाड्यांत घड्याळ, टेप, जीपीएस असं काही ना काही बंद गाडीतही करंट खातं. ५० मिलीअँपिअर जरी धरला तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर, तीन आठवड्यांत २५. माझी पिकअप तशीच उतरली होती. तेव्हा चार्जर पाहिजेच. पण चाचांचं काम करणारा पाहिजे.

दुकानात विचारायचे प्रश्न

आता मूळ मुद्द्यावर. चार्जर घेताना मी ब्रँड आणि डब्याचा रंग बघत नाही. चाचा जे जे करायचे ते ह्या डब्याला येतं का, एवढंच विचारतो.

पहिला प्रश्न. बॅटरी भरल्यावर हा आपोआप थांबतो का, आणि किती व्होल्टला? साध्या पाण्याच्या बॅटरीसाठी १४.४ च्या आसपास गाठून मग बंद होणारा किंवा १३.५ ते १३.८ वर उतरून नुसती राखण करणारा चांगला. डब्यावर 'ऑटो कट' लिहिलेलं असतं, पण लिहिण्यावर विश्वास नको. भरलेली बॅटरी जोडायला सांगा आणि शंभर-दोनशे रुपयांचा मल्टिमीटर बरोबर न्या. व्होल्टेज चढत चढत १५ च्या पुढं गेलं की तो चार्जर तिथंच ठेवून या.

दुसरा. किती अँपिअरचा? बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याइतका. कारला, पिकअपला ५ ते ८ पुरतो. ट्रॅक्टरच्या ७५ ते ९० च्या बॅटरीला ८ ते १०. फवारणी पंपाच्या ८ किंवा १२ अँपिअर-अवरच्या बॅटरीला त्याच्याबरोबर आलेला छोटाच वापरा. ट्रॅक्टरचा १० चा चार्जर पंपाच्या बॅटरीला लावला तर तासाभरात तिचं वाटोळं. आणि पंपाचा छोटा चार्जर ट्रॅक्टरला लावला तर दोन दिवस बसावं लागेल. नवीन पंपांत लिथियमची बॅटरी येते, तिला शिशाच्या बॅटरीचा चार्जर अजिबात लावायचा नाही.

तिसरा. लाईट गेली आणि परत आली तर हा आपोआप सुरू होतो का? हा प्रश्न शहरातल्या माणसाला सुचणार नाही, आपल्याला सुचला पाहिजे. डिजिटल चार्जरपैकी काहींना परत बटण दाबावं लागतं. रात्री एकदा लाईट जाऊन आली की सकाळी बॅटरी तशीच. दुकानात प्लग काढून परत लावून बघा.

चौथा. कमी-जास्त व्होल्टेजला टिकेल का? इथं दोन जाती आहेत. एक लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा, जड. दुसरा एसएमपीएसचा, हलका, मोबाईलच्या चार्जरसारखा. हलका चांगल्या बनावटीचा असेल तर तो कमी-जास्त लाईटवरही बाहेर एकसारखा व्होल्टेज देतो. पण विजा चमकल्या, धूळ-ओल बसली, मुंग्या शिरल्या की जातो आणि गावात दुरुस्त होत नाही. जड ट्रान्सफॉर्मरवाला दणकट असतो, डायोड गेला तरी तालुक्याला बदलून मिळतो. मात्र त्याला ऑटो कट वेगळा बसवलेला पाहिजे. ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी तांब्याची की ॲल्युमिनियमची हेही विचारा. ॲल्युमिनियमची स्वस्त असते, पण तेवढ्याच जाडीत जास्त तापते.

पाचवा. क्लिपा उलट्या लागल्या तर काय? चांगल्या चार्जरला त्यासाठी संरक्षण असतं, निदान फ्यूज तरी असतो. पहाटेच्या अंधारात चूक कुणाचीही होते.

सहावा. काटा किंवा आकडा दिसतो का? अँपिअर दिसला तर बॅटरी किती घेतेय ते कळतं. भरत आली की काटा आपोआप खाली येतो. तो आपला हायड्रोमीटर समजा.

शेवटचा. दुरुस्ती कोण करणार? गॅरंटी कार्डापेक्षा जवळचा मिस्त्री महत्त्वाचा.

मी काय घेतलं

मी शेवटी १० अँपिअरचा, तांब्याच्या गुंडाळीचा, ऑटो कट आणि अँपिअरचा काटा असलेला ट्रान्सफॉर्मर चार्जर घेतला. चाचांनी ओळखीच्या बनवणाऱ्याकडून आणून दिला. दोन हंगाम झाले, पिकअप आणि ट्रॅक्टर दोन्ही त्यावर आहेत. किंमत ठरवायला माझा एक साधा हिशोब आहे. नव्या बॅटरीच्या किमतीचा तिसरा हिस्सा एवढी चार्जरची मर्यादा. त्याच्यापेक्षा महाग घेऊन आपल्याला फार काही जास्त मिळत नाही. फार स्वस्त घेतला तर थांबण्याची सोय गाळलेली असते, कारण कमी करता येण्यासारखं तेवढंच असतं.

वापरताना ह्या गोष्टी पाळतो. बॅटरी उघड्यावर किंवा हवेशीर जागी. आधी लाल क्लिप प्लसला, मग काळी मायनसला, आणि मेन स्विच सगळ्यात शेवटी. काढताना उलट, आधी स्विच बंद. क्लिप ओढून ठिणगी पाडायची नाही. विडी-काडी लांब. बुचाच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, बोअरचं पाणी नाही. आपल्याकडचं बोअर कसलं क्षारपड आहे ते ठिबकच्या नळ्या बघितल्या की कळतं, तेच प्लेटांवर बसतं. बॅटरीच्या पाण्यासाठी आयएस १०६९ हा सरकारी दर्जा आहे, बाटलीवर बघून घ्या. आणि फार जुनी विलायती गाडी किंवा ट्रॅक्टर असेल तर अर्थिंग कुठल्या टर्मिनलचं आहे ते आधी बघा. काही जुन्या गाड्यांत प्लसचं अर्थिंग असायचं.

महिन्यातून एकदा उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरनं मोजतो. गाडी बंद करून रात्र गेल्यावर १२.७ असेल तर भरलेली. १२.४ झाली की चार्जिंगला लावायची. १२.२ म्हणजे निम्मी गेली. ११.९ म्हणजे उशीर झाला.

मेलेली बॅटरी भंगारात फोडायला देऊ नका, घरी तर अजिबात फोडू नका. शिसं विहिरीत आणि लेकरांच्या अंगात जातं. जुनी बॅटरी दुकानदारानं परत घ्यावी असा नियम २००१ पासून आहे, २०२२ ला तो आणखी कडक झाला. शिवाय नव्या बॅटरीत जुनीचे पैसे वजा होतात.

एवढं करूनही मी अजून रात्री चार्जर चालू ठेवून झोपत नाही. आता दिवसा लाईट मिळायला लागलीय, राळेगणसिद्धीसारख्या ठिकाणी सौर कृषी वाहिनीचं काम झालंय, आपल्याकडंही हळूहळू येतंय. दिवसा लावा, येता-जाता हात लावून बघा. ऑटो कट आहे म्हणून बघायचं सोडायचं नाही. चाचा चाळीस वर्षं दुकानात बसून हेच करत होते.

तुमच्या तालुक्याला जुनं चार्जिंगचं दुकान होतं का? रेडिओची किंवा रामायणाच्या वेळची बॅटरी कुणाला आठवते का? असेल तर खाली लिहा. आणि कुणी चार्जर घेतला असेल तर ब्रँड नका सांगू, कितीला थांबतो तेवढं मोजून सांगा.

राम राम.